तोफा आणि कुदळी

तोफेच्या तोंडाजवळ वाकून कडेवरची अक्षरं वाचली, की तिचा जन्मदाखलाच हाती येतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या गेटिसबर्ग गावाला लागून असलेल्या टेकडीवर ज्या तीन इंची तोफा उभ्या आहेत, त्यांच्या तोंडावर अनुक्रमांक कोरलेला आहे, कारखान्याची आद्याक्षरं आहेत, घडणीचं साल आहे, पौंडात वजन आहे आणि तोफ तपासून पास करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाची आद्याक्षरंही आहेत. वजन साधारण ८२० पौंड, म्हणजे सुमारे ३७० किलो. कारखाना याच राज्यातल्या फिनिक्सव्हिलचा. जॉन ग्रिफन नावाच्या माणसाने घडीव लोखंडाच्या पट्ट्या गुंडाळून, तापवून, एकजीव करून ही नळी बनवण्याची रीत बसवली होती. ओतीव लोखंडाच्या तोफा माऱ्याच्या भरात फुटायच्या आणि आपल्याच गोलंदाजांना मारायच्या. ही क्वचितच दगा द्यायची. नळीच्या आत पिळदार खाचा असल्याने अवघ्या पौंडभर दारूवर तिचा गोळा दीड किलोमीटरपलीकडे नेमका जायचा.

तिच्याच आसपास दुसरी जात दिसते. ब्राँझची, आतून गुळगुळीत, वजनाला साडेपाचशे किलोंची, उन्हापावसाने हिरवी पडलेली. तिला नेपोलियन म्हणत. लांबच्या नेमबाजीत ती कमी, पण शत्रू दोन-तीनशे पावलांवर आला की डबाभर लोखंडी गोळ्या एकदम ओकणारी आणि म्हणून पायदळाला सर्वांत जास्त धाक असलेली.

या तोफा ज्या जमिनीवर उभ्या आहेत तिथे दोन दफनभूमी शेजारी-शेजारी आहेत. एक गावाची, १८५४ साली स्थापन झालेली एव्हरग्रीन. दुसरी सैनिकांची राष्ट्रीय दफनभूमी, १८६३ची. मध्ये लोखंडी कुंपण आहे. येणारे लोक तोफेपाशी थांबतात, तिच्या चाकाला हात लावून फोटो काढतात आणि ते साहजिक आहे. पण मला वाटतं, या टेकडीची खरी गोष्ट तोफेने घडवलेली नाही. ती कुदळ-फावड्याने घडली. तोफांचं काम तीन दिवसांत आटोपलं, कुदळीचं काम वर्षानुवर्षं चाललं, आणि ते करणाऱ्यांची नावं टेकडीवरच्या दगडांवर यायला फार उशीर झाला.

अमेरिकेच्या यादवी युद्धाआधी ही टेकडी अगदी शांत होती. गावात सुमारे २,४०० माणसांची वस्ती. गावातली चर्चची आवारं भरत आली तेव्हा गावकऱ्यांनी उंचावरची ही मोकळी जागा निवडली. १८५५ साली रस्त्याकडेला विटांचं प्रवेशद्वार बांधलं. दोन बाजूंना दोन बुरूजवजा घरं आणि मधोमध कमान. या घरात रखवालदाराने राहायचं, कबरी खणायच्या, गवत कापायचं. ही नोकरी जर्मनीहून आलेल्या पीटर थॉर्नला मिळाली. महिना १३ डॉलर. १८६२ साली पीटर सैन्यात भरती होऊन गेला आणि त्याचं काम बायकोवर, एलिझाबेथवर आलं. घरात तीन लहान मुलगे आणि तिचे म्हातारे आईवडील. १८६३च्या उन्हाळ्यात ती तिशीत होती आणि सहा महिन्यांची गरोदर होती.

या आवारात बंदूक चालवणाऱ्यावर कडक कायदेशीर कारवाई होईल, अशी पाटी दफनभूमीत लावलेली होती. लढाईतून वाचलेल्या अनेक सैनिकांनी पुढे या पाटीची आठवण काढली आहे.

१ जुलै १८६३ला दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांचं सैन्य आणि उत्तरेकडचं संघराज्याचं सैन्य गावाच्या वायव्येला एकमेकांना भिडलं. दुपारपर्यंत उत्तरेची फळी मोडली आणि सैनिक गावातल्या गल्ल्यांतून पळत दक्षिणेकडे या टेकडीवर आले. टेकडी त्यांच्यासाठी राखून ठेवणारा सेनापती होता ऑलिव्हर हॉवर्ड. उजवा हात त्याने आदल्या वर्षीच लढाईत गमावला होता. सकाळी गावात शिरल्यावर त्याने उंचवटे पाहिले, इथून चहूकडचे रस्ते दिसतात हे हेरलं आणि एक डिव्हिजन व काही तोफा कबरींच्या मध्येच उभ्या करून ठेवल्या. त्या दिवशी संघराज्याचं सैन्य पुरतं उधळलं नाही, याचं मोठं श्रेय या एका निर्णयाला जातं.

एलिझाबेथने त्या दिवसांच्या आठवणी म्हातारपणी, १९०५ साली सांगितल्या. त्यात कसलाच आव नाही. एक अधिकारी घोड्यावरून आला आणि रस्ते दाखवायला कुणी पुरुष आहे का, असं विचारू लागला. घरात म्हातारा बाप आणि पोरं. ती म्हणाली, मी येते. बाईमाणसाला गोळीबारात कसं न्यायचं म्हणून तो नाही म्हणाला, पण दुसरं कुणी नव्हतंच. मग गोळ्यांच्या बाजूला घोडा आणि घोड्याच्या आडोशाने ती, अशी दोघं शेतातून चालत गेली. कुठला रस्ता यॉर्कला जातो, कुठला हॅरिसबर्गला, कुठला हंटर्सटाऊनला, ते तिने दाखवलं आणि परत आली. घरातली भाकरी तिने दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या सैनिकांना वाटून टाकली होती. रात्री निरोप आला की सेनापतींना जेवायला हवंय. मध्यरात्रीच्या सुमारास तीन सेनापती तिच्या स्वयंपाकघरात जेवायला बसले: हॉवर्ड, स्लोकम आणि सिकल्स. उरलेल्या पिठाच्या पोळ्या, बटाटे, थोडं मांस आणि कॉफी. उद्या इथे लढाई होणार का, असं तिने विचारलं. होणार, आणि सांगितलं की लगेच तळघरात जा, असं तिला बजावण्यात आलं.

तिसरा पाहुणा सिकल्स याच्याबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण त्याचा या जागेशी संबंध त्या जेवणानंतरही राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय गेला. चार वर्षांपूर्वी, १८५९ साली, वॉशिंग्टनच्या लाफायेट चौकात त्याने पत्नीच्या प्रियकराला भर दिवसा गोळी घालून मारलं होतं आणि तात्पुरत्या वेडाच्या बचावावर तो सुटला होता. त्या चौकाचं जुनं लोखंडी कुंपण पुढे त्याच्याच खटपटीने गेटिसबर्गला आलं. आज दोन दफनभूमींच्या मध्ये उभं आहे ते हेच कुंपण.

२ जुलैपासून टेकडी तोफांच्या ताब्यात गेली. चौथऱ्यांच्या मधून चाकं ओढली गेली, फुलझाडं तुडवली गेली. एका तोफेला ओढायला सहा घोडे लागत. शिवाय दारूगोळ्याच्या पेट्यांचे गाडे आणि त्यांचे घोडे वेगळे. गोळ्याच्या माऱ्याने संगमरवराच्या कपच्या उडून माणसं जखमी होऊ नयेत आणि दगडही वाचावेत म्हणून बऱ्याच कबरींवरचे उभे दगड आडवे निजवले होते, असं सैनिकांच्या आठवणींत येतं. पूर्वेच्या बेनर टेकडीवर दक्षिणेने आपल्या तोफा चढवल्या, पण या टेकडीवरच्या माऱ्यापुढे त्यांचा दोन तासांत निकाल लागला. त्या तोफांचा प्रमुख जोसेफ लॅटिमर विशीही न ओलांडलेला पोरगा होता. या माऱ्यात तो जखमी झाला आणि त्या जखमेने महिन्याभरात गेला.

उत्तरेकडेही असाच एक होता. लेफ्टनंट बेयार्ड विल्केसन, वय १९, सहा नेपोलियन तोफांचा प्रमुख. पहिल्याच दिवशी गावाच्या उत्तरेला पायावर गोळा बसून तो पडला आणि गावाच्या गरीबखान्याच्या इमारतीत मरण पावला. त्याची बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, मागे हटून याच टेकडीवर आली आणि उरलेले दिवस लढली. त्याचा बाप, सॅम्युएल विल्केसन, न्यूयॉर्क टाइम्सचा युद्धवार्ताहर. मुलाच्या शोधात आणि लढाईच्या बातमीसाठी तो एकाच वेळी इथे पोचला होता. बातमी त्याने लिहिली, ती मुलाच्या प्रेताशेजारी बसल्याचं सांगत.

३ जुलैचा दिवस सगळ्यांत प्रसिद्ध. दुपारी एकच्या सुमारास दक्षिणेच्या सुमारे दीडशे तोफांनी एकदम तोंडं उघडली. समोरच्या तोफा गप्प करायच्या आणि मग पायदळाने मधल्या उघड्या शेतातून चालून जायचं, असा बेत. या वेळी दफनभूमीतल्या कबरींच्या मध्ये एक खलबत झालं आणि माझ्या मते गेटिसबर्गच्या लढाईतला सर्वांत थंड डोक्याचा निर्णय तो होता. टेकडीवरच्या तोफांचा प्रमुख मेजर थॉमस ऑस्बॉर्न. हॉवर्ड तिथेच होता. संघराज्याच्या सगळ्या तोफखान्याचा मुख्य हेन्री हंट घोडा दौडवत आला. हंटला काळजी दारूगोळ्याची. शत्रूचं पायदळ येईल तेव्हाच तो हवा, आत्ता उधळून चालणार नाही. ऑस्बॉर्नने सुचवलं की आपल्या तोफा हळूहळू बंद करत नेऊ. आपण मोडलो असं त्यांना वाटेल आणि ते पायदळ सोडतील. हॉवर्डला पटलं. हंट स्वतः एकेका बॅटरीकडे जाऊन मारा थांबवण्याचे हुकूम देत सुटला. काही सेनापतींना ते आवडलं नाही. आपल्या तोफा गप्प झाल्या तर आपल्याच शिपायांचा धीर सुटेल म्हणून त्यांच्यातल्या हॅनकॉकने आपल्या हद्दीतल्या तोफा चालूच ठेवायला लावल्या. पण युक्ती लागू पडली. दक्षिणेचे सुमारे साडेबारा हजार सैनिक झाडीतून बाहेर आले आणि तासाभरात त्यातले निम्मे मेले, जखमी झाले किंवा कैद झाले.

दक्षिणेच्या तोफांचे गोळे त्या दुपारी फार वरून गेले. धुरामुळे नेम दिसत नव्हता, हे एक कारण. दुसरं कारण इतिहासकार सांगतात ते मन हलवणारं आहे. गोळ्याला वात असते. ती जितके सेकंद जळेल तितक्या अंतरावर गोळा फुटतो. दक्षिणेच्या वाती रिचमंडच्या कारखान्यात बनत. १३ मार्च १८६३ला तिथे स्फोट झाला आणि चाळीसहून अधिक कामगार जळून मेले. बहुतेक स्त्रिया आणि कोवळ्या मुली, काही जेमतेम दहा-बारा वर्षांच्या. कारखाना बंद पडला आणि सैन्याला दुसरीकडच्या वाती मिळू लागल्या. त्या सावकाश जळत. गोलंदाजांनी जुन्या सवयीने वात कापली आणि गोळे टेकडीरांगेच्या पलीकडे जाऊन फुटले.

तीन दिवसांत दोन्हीकडचे मिळून सुमारे ५१,००० मृत, जखमी, कैद आणि बेपत्ता. त्या दोन हजार चारशे वस्तीच्या गावात.

७ जुलैला एलिझाबेथ परत आली. लढाईच्या धुमश्चक्रीत थॉर्न कुटुंबाला घर सोडून जावं लागलं होतं. वाटेत दफनभूमी मंडळाचे अध्यक्ष भेटले आणि म्हणाले, घरी जा लवकर, तुझ्याच्याने होणार नाही इतकं काम पडलंय. खिडक्यांना काचा राहिल्या नव्हत्या. गाद्या-उशा रक्ताने भरलेल्या. तळघराच्या दाराशी पंधरा मेलेले घोडे आणि खालच्या शेतात एकोणीस. जुलैची उष्णता. मंडळाचा हुकूम आला की पडलेल्या सैनिकांसाठी कबरी खणायला लागा.

तिने आणि तिच्या वडिलांनी खणायला सुरुवात केली. त्या टेकडीची जमीन खडकाळ आहे, हे ध्यानात घ्या. मदतीला दोन माणसं मिळाली, पण वासाने आजारी पडून एक दोन दिवसांत गेला, दुसरा पाच. पहिल्या तेरा दिवसांत चाळीस कबरी झाल्या. एकूण एकशेपाच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिला मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं रोझ मीड, लढाई जिंकणाऱ्या सेनापती मीडचं आडनाव जोडून. पोर कायम अशक्त राहिली आणि चौदाव्या वर्षी गेली. आपली आणि तिची तब्येत त्या कामाने बिघडली, असं एलिझाबेथ शेवटपर्यंत सांगत राहिली. त्या एकशेपाच कबरींचा तिला वेगळा पैसा मिळाला नाही. महिन्याचे १३ डॉलर, तेवढेच.

त्याच आवारात जेनी वेड नावाच्या वीस वर्षांच्या मुलीची कबर आहे. ३ जुलैच्या सकाळी टेकडीच्या पायथ्याच्या घरात बहिणीपाशी ती पावासाठी पीठ मळत होती. दोन दारं भेदून आलेली गोळी तिला लागली. लढाईत थेट मारली गेलेली गावातली ती एकटीच. घरामागच्या बागेत, मग चर्चच्या आवारात आणि शेवटी १८६५मध्ये एव्हरग्रीनमध्ये, असं तिचं प्रेत तीनदा पुरलं गेलं.

बाकीच्या हजारो सैनिकांचं काय? लढाई संपताच घाईने त्यांना मरण आलं तिथेच वीतभर मातीखाली लोटलं होतं. पाऊस आला की हातपाय वर येत, डुकरं उकरत. राज्यपालाच्या वतीने काम पाहणाऱ्या डेव्हिड विल्स या वकिलाने एव्हरग्रीनला लागून १७ एकर जागा घेतली आणि उत्तरेच्या मृतांना तिथे एकत्र आणायचं ठरलं. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उष्णतेत उकरायला लष्करी अधिकाऱ्याने बंदी केली होती, म्हणून काम ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झालं. प्रेतं काढून आणून पुरण्यासाठी निविदा मागवल्या. चौतीस आल्या. सर्वांत जास्त दर ८ डॉलर, सर्वांत कमी १ डॉलर ५९ सेंट. अर्थात काम कमी दराच्या माणसाला मिळालं. पण त्याने स्वतः कुदळ उचलली नाही. उकरायचं काम त्याने पुढे दिलं बेझिल बिग्जला.

बिग्ज हा कृष्णवर्णीय शेतकरी, जनावरांचा वैद्यही. मेरीलँडमध्ये जन्मलेला. मेरीलँड गुलामगिरीचं राज्य, तिथे कृष्णवर्णीय मुलांना शाळा नाही, म्हणून मुलांना शिकवायचं या एका हेतूने १८५८ साली तो कुटुंब घेऊन गेटिसबर्गला आला. १८६३च्या जूनमध्ये दक्षिणेचं सैन्य पेनसिल्व्हेनियात शिरलं तेव्हा वाटेत सापडतील त्या कृष्णवर्णीयांना, मग ते जन्मापासून स्वतंत्र का असेनात, धरून गुलाम म्हणून विकायला दक्षिणेत पाठवत होतं. गेटिसबर्गची कृष्णवर्णीय वस्ती जीव घेऊन पळाली. बिग्जने बायकापोरांना पुढे पाठवलं आणि मागाहून स्वतः निसटला. परत आला तेव्हा तो कसत असलेल्या शेतावरच्या घरात दक्षिणेच्या सैन्याने इस्पितळ केलेलं होतं आणि पीक, जनावरं, सामान सगळं गेलेलं होतं. अशा माणसाने आठ-दहा कृष्णवर्णीय मजूर जमवले आणि पाच महिने प्रेतं उकरली.

त्यांच्यावर देखरेख करायला सॅम्युएल वीव्हर होता. प्रत्येक कबर आपल्यासमोर उघडली गेली पाहिजे, हा त्याचा नियम. हातात एक लोखंडी आकडा. त्याने तो कपडे उलटे करी, खिसे चाचपी. पत्रं, खिशातलं बायबल, फोटो, वही, काही नाणी. नाव सापडलं तर पेटीवर लिही. सापडलेली वस्तू बांधून ठेवी आणि घरच्यांना कळवी. आपला कोण आणि शत्रूचा कोण, हे तो कपड्यांवरून ठरवी. सैन्याच्या कोटाचा रंग पुष्कळदा सांगत नसे, कारण बंडखोरांनी निळे कपडेही अंगावर घातलेले असत. तेव्हा तो आतले कपडे पाही, बूट पाही. उत्तरेच्या ३,३५४ प्रेतांचा हिशेब त्याने दिला आणि छातीठोकपणे लिहिलं की सैनिकांच्या दफनभूमीत एकही बंडखोर गेलेला नाही.

हे काम अर्ध्यावरही आलेलं नव्हतं तेव्हा १९ नोव्हेंबरला अध्यक्ष लिंकन आले. एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले आणि लिंकन दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांच्या भाषणावर इतकं लिहिलं गेलं आहे की इथे भर घालत नाही. एकच सांगतो. ते व्यासपीठ सैनिकांच्या दफनभूमीत नव्हतं, तर कुंपणापलीकडे एव्हरग्रीनमध्ये, गावच्या कबरींच्या बाजूला होतं, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. आणि लिंकन बोलत होते तेव्हा टेकडीच्या आसमंतात बिग्जच्या माणसांनी भरलेल्या पेट्या रांगेत थांबलेल्या होत्या. मार्च १८६४ला काम संपलं. अर्धवर्तुळात, राज्याराज्याप्रमाणे, अधिकारी आणि शिपाई असा भेद न करता ३,५०० वर सैनिक पुरले गेले. त्यातले ९७९ निनावी. त्यांच्या जागी लहान चौकोनी संगमरवरी ठोकळे आहेत आणि त्यावर फक्त आकडे.

दक्षिणेचे मृत शेतातच राहिले. शेतकरी त्यांच्यावरून नांगर फिरवत. सात-आठ वर्षांनी दक्षिणेतल्या स्त्रियांच्या मंडळांनी पैसे जमवून आपली माणसं परत मागितली. ती कुठे आहेत, हे सांगू शकणारा माणूस म्हणजे वीव्हर. पण १८७१ साली तो रेल्वे अपघातात गेला. त्याचा मुलगा रूफस फिलाडेल्फियात शरीरशास्त्र शिकवणारा डॉक्टर. बापाच्या नोंदी घेऊन तो उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत गेटिसबर्गला यायचा आणि प्रेतं काढायचा. ३,३२० सांगाडे त्याने दक्षिणेत पाठवले. त्यातले २,९३५ एकट्या रिचमंडच्या हॉलीवूड दफनभूमीला. हजारो डॉलर त्याचे येणे राहिले, ते त्याला पुरते कधीच मिळाले नाहीत.

तोफांनी टेकडीवर परत यायला मात्र अवधी घेतला. गावकऱ्यांनी रणभूमी जपण्यासाठी १८६४ सालीच संस्था काढली होती. युद्धानंतर सरकारकडे मोडीत काढलेल्या तोफांचा ढीग होता. मागच्या बाजूने भरायच्या पोलादी तोफा आल्यावर तोंडातून भरायच्या जुन्या तोफा निकामी झाल्या होत्या. संसदेने त्यातल्या काही संस्थेला दिल्या. १८९५ला ही भूमी युद्धखात्याकडे गेली आणि मग ज्या बॅटरीने जिथे मारा केला तिथे त्याच जातीच्या तोफा मांडायला सुरुवात झाली. नेमक्या त्याच तोफा नव्हेत, तर त्या जातीच्या. खऱ्या इतिहासाला धरून असलेली ही व्यवस्था आहे, पण क्वचित मूळ तोफही सापडते. गावाबाहेर सेनापती ब्यूफोर्डच्या पुतळ्याशी चार नळ्या बसवल्या आहेत. त्यातली २३३ क्रमांकाची नळी १ जुलैच्या सकाळी उत्तरेचा पहिला गोळा डागणारी.

लाकडी गाडा पावसात दहा-पंधरा वर्षांत कुजतो. म्हणून गावातल्याच ओतशाळेचा मालक कॅल्व्हिन गिल्बर्ट याने हुबेहूब लाकडी गाड्यांसारखे बिडाचे गाडे ओतले. आरे, तुंबे, पट्ट्या, खिळ्यांची डोकी सगळं तसंच. लाकूडच वाटावं म्हणून वर रंग. जवळ जाऊन चाकावर टिचकी मारली, की बीड बोलतं. सव्वाशे वर्षं होऊन गेली, हे गाडे आजही तोफांना पेलतात. संधीत पाणी शिरून बीड तडकतं, म्हणून ते आळीपाळीने उचलून, जुना रंग खरवडून नव्याने रंगवावे लागतात.

हे वेड गेटिसबर्गपुरतं नव्हतं. १८९६च्या कायद्याने युद्धखातं आणि नौदलाला मुभा मिळाली की मोडीतल्या तोफा आणि गोळे माजी सैनिकांच्या संघटनांना, स्मारक मंडळांना आणि नगरपालिकांना द्यावेत. मग अमेरिकेतल्या शेकडो गावांच्या दफनभूमीत एकेक तोफ आली आणि तिच्या पायाशी गोळ्यांचा पिरॅमिड. सरकारने आपल्या राष्ट्रीय दफनभूमींत किनारा-रक्षणाच्या अवजड नळ्या उभ्या रोवून त्यावर ढालीच्या आकाराची पाटी बसवली: स्थापना अमुक साली, ओळख पटलेले इतके, अनोळखी इतके. याच युद्धातल्या अँटिएटमच्या रणांगणावर सहा सेनापती पडले, त्या जागा दगडी चौथऱ्यात तोंड खाली करून रोवलेल्या तोफांनी दाखवल्या आहेत. यातल्या पुष्कळ तोफा दुसऱ्या महायुद्धाने खाल्ल्या. १९४२च्या भंगार मोहिमेत गावोगावच्या लोकांनी आपल्या आज्यांच्या कबरींशेजारची तोफ मोडून नव्या तोफांसाठी वितळायला दिली. काही ठिकाणी रिकामा चौथरा अजून आहे.

बेझिल बिग्जने युद्धानंतर रणभूमीवरचंच एक शेत विकत घेतलं. तीन जुलैला दक्षिणेचं पायदळ ज्या झाडांच्या झुबक्यावर नेम धरून आलं, ती झाडं त्याच्या शेतात होती. लाकडासाठी ती तोडायला त्याने सुरुवात केली तेव्हा रणभूमीचा इतिहास लिहिणाऱ्या जॉन बॅचेल्डरने त्याची समजूत घातली आणि झाडं राहिली. बिग्ज १९०६ला वारला. गोऱ्यांच्या दफनभूमीत कृष्णवर्णीयांना जागा नव्हती, म्हणून १८६७ला गावातल्या कृष्णवर्णीयांनी स्वतःची दफनभूमी काढली होती. तिचं नाव आता लिंकन सेमेटरी. तिथे तो आहे आणि संघराज्यासाठी लढलेले गावातले सुमारे तीस कृष्णवर्णीय सैनिक तिथेच आहेत. टेकडीवर राष्ट्रीय दफनभूमीत त्यांच्यापैकी फार थोडे गेले. ज्या माणसाने तिथल्या हजारो कबरी भरल्या, तो तिथे नाही.

एलिझाबेथ थॉर्न एव्हरग्रीनमध्येच आहे, पीटरच्या शेजारी. १९०७ला ती वारली. प्रवेशद्वाराजवळ तिचा ब्राँझचा पुतळा बसायला २००२ उजाडावं लागलं. पोट पुढे आलेली, फावड्याला टेकलेली, कपाळावरचा घाम पुसणारी. आसपास पुतळे सेनापतींचे, हिच्या हातात मात्र फावडं.

आणि वीव्हरचा दावा? मार्च १९९६मध्ये गावाच्या पश्चिमेला रेल्वेसाठी खोदलेल्या चराजवळ पावसाने माती ढासळली आणि एका सैनिकाची हाडं वर आली. पहिल्या दिवशी तिथे दोन्ही बाजूंचे सैनिक मेले होते. शास्त्रज्ञांनी तपासलं, पण तो उत्तरेचा की दक्षिणेचा, हे ठरेना. तेव्हा सैन्याला आतले कपडे आणि बूट पाहून निवडण्याची सोय राहिली नव्हती. १ जुलै १९९७ला त्याला पूर्ण लष्करी मानाने टेकडीवरच्या राष्ट्रीय दफनभूमीत पुरलं. समोर दोन वृद्ध स्त्रिया बसल्या होत्या, त्या युद्धातल्या सैनिकांच्या हयात असलेल्या विधवा. एक अल्बामाची अल्बर्टा मार्टिन, दक्षिणेच्या शिपायाची बायको. दुसरी डेझी अँडरसन. तिचा नवरा रॉबर्ट गुलाम म्हणून जन्मला होता आणि पळून जाऊन उत्तरेच्या कृष्णवर्णीय पलटणीत शिपाई झाला होता.